केदारीच्या मनातला अंपायर

बेळगावच्या शहापुरातल्या केदारीला वांगी आणायला पाठवू नये, हे त्याच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वांगी वाईट आणतो म्हणून नव्हे हो, आणतच नाही म्हणून! हा गडी भाजीवालीसमोर उभा राहायचा, एक वांगं उचलायचा, डोळे मिटायचा, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचा आणि वांगं होतं तिथं ठेवून द्यायचा.

"काय झालं अण्णा? किडकं हाय काय?" भाजीवाली विचारायची.

"न्हाय गं. मनाला शांती येईना."

"वांग्यानं कुणाच्या मनाला शांती आलीया आजवर?" ती म्हणायची आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडं वळायची. केदारी रिकामी पिशवी हलवत घरी, आणि घरी पुन्हा आमटीभात.

केदारी म्हणजे पन्नाशी ओलांडलेला विणकर. आजाच्या काळापासून घर ख्रिस्ती आणि त्याच्याही आधीपासून घरात माग. गल्लीतले बाकीचे मागवाले हिंदू, पण नाताळच्या करंज्या इकडून तिकडं आणि गौरी-गणपतीच्या करंज्या तिकडून इकडं असा व्यवहार इतका जुना, की कुणाची करंजी कुठल्या सणाची हे आता चवीवरून कळायचं नाही. बायको वारून बरीच वर्षं झालेली. घरात तो आणि एकुलती एक मुलगी प्रियदर्शनी. ती बेळगावातच एका दवाखान्यात नर्स. आणि शेजारच्या दारात थोरली बहीण रुक्माबाई, जिची जीभ मागावरच्या धोट्यापेक्षा जोरात चालते असं सगळी गल्ली म्हणायची. रुक्माआक्काच्या समोर मात्र नाही.

तर हे शांतीचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते रविवारच्या उपासनेत. उन्हाळा तोंडावर आलेला, पंखा नुसता फिरल्यासारखा करायचा, आणि केदारी नेहमीच्या खांबाला टेकून नेहमीसारखा पेंगत होता. पाळकसाहेब सांगत होते की निर्णय घ्यायची वेळ आली की माणूस गडबडतो. अशा वेळी ख्रिस्ताची शांती आपल्या अंतःकरणात पंचासारखी उभी राहू द्यावी. आत शांती असेल तर पाऊल टाकावं, शांती ढळली तर थांबावं.

'पंच' म्हटल्याबरोबर केदारीचे डोळे खाड्कन उघडले.

कारण प्रभूच्या खालोखाल ह्या माणसाचा जीव कशात असेल तर क्रिकेटात. तरुणपणी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या टीमचा सलामीचा फलंदाज होता तो. आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर अंपायर झालेला. पांढरी टोपी, गळ्यात रुमाल, आणि बोट वर करायची ऐट तर अशी, की आऊट झालेल्या पोरालाही क्षणभर बरं वाटावं. 'म्हणजे माझ्या मनात बी एक अंपायर हाय!' ह्या विचारानं तो इतका हरखला, की अर्पणाचं ताट समोरून निघून गेलं तरी त्याला कळलं नाही.

त्या दिवसापासून केदारीचा प्रत्येक निर्णय अंपायरकडं जाऊ लागला. चपलांच्या दुकानात एका पायात नवी चप्पल घालून तो इतका वेळ उभा राहिला, की दुकानदारानं शेवटी त्याला बसायला स्टूल दिलं. मंडळीच्या समितीनं हिशेब बघायला ये म्हटलं, तर शांती न्हाय. रुक्माआक्कानं कपाट सरकवायला बोलावलं, तर शांती न्हाय.

"मी बघत आलेय हं केदाऱ्या," रुक्माआक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मटणाच्या दुकानात तुझी शांती तुझ्या आधी जाऊन उभी असतीया. आणि कपाट म्हटलं की कुठं गावाला जाती रं ती?"

"आक्का, आत्मिक गोष्टीत चेष्टा करू ने."

"मी चेष्टा करत न्हाय. मी कपाट सरकव म्हणतेय."

शेवटी कपाट प्रियदर्शनीनं आणि आक्कानं मिळून सरकवलं. केदारी दारात उभा राहून कुठं भिंतीला घासतंय ते सांगत होता.

इथवर सगळी गंमत होती. गल्ली हसायची, केदारीही हसायचा. पण मग पाळकसाहेब एका संध्याकाळी चहाला आले आणि प्रियदर्शनीसाठी स्थळ सांगून गेले. मुलगा निपाणीचा, मंडळीतला, शाळेत मास्तर, नाव मंथन. तरुणांच्या शिबिरात दोघांची ओळख झालेली. पाळकसाहेब हे सांगत असताना प्रियदर्शनी कपबशा उचलायच्या निमित्तानं तिथंच घोटाळत होती, आणि रिकामा ट्रे घेऊन दोनदा आत-बाहेर झाली. केदारीलाही पोरगा ऐकायला बरा वाटला. मान हलवता हलवता त्यानं विचारलं, "वडील कोण म्हणायचे?"

"नागोजी. तुम्ही ओळखत असाल, पूर्वी इकडंच असायचे."

केदारीची मान हलायची थांबली.

ओळखत असाल! अहो, एका ताटात जेवायचे दोघं. नागोजी तेव्हा बेळगावात कामाला होता, मंडळीच्या टीममधेच खेळायचा. आणि अनगोळच्या मैदानावर झालेल्या त्या फायनलमधे ह्याच नागोजीनं केदारीला रनआऊट दिलं होतं. आता ह्यात राग कसला, असं बाहेरच्याला वाटेल. म्हणून इथली रीत सांगायला हवी. आपल्याकडच्या मैदानावर अंपायर बाहेरून कोण आणतो? बॅटिंग करणाऱ्या टीमचाच, ज्याची पाळी झाली किंवा यायची आहे असा गडी, अंपायर म्हणून उभा राहतो. आणि बॅटिंगवाल्यांचा अंपायर आपल्या माणसाला रनआऊट देत नाही. स्टंप उडून शेजारच्या शेतात गेला तरी देत नाही. दहा आज्ञा तोंडपाठ असलेली माणसंही तेवढ्यापुरती सूट घेतात. मग पुढच्या डावात दुसऱ्यांचा अंपायर तेच करतो आणि हिशेब बरोबर होतो. असं असताना नागोजीनं, आपल्याच टीमच्या नागोजीनं, जिंकायला थोड्याच रना हव्या असताना आपल्याच केदारीकडं बघून बोट वर केलं. फायनल गेली. केदारीनं त्या दिवसापासून नागोजीशी बोलणं टाकलं. पुढं नागोजी निपाणीला गेला, दोघांची लग्नं झाली, पोरं झाली, केस पिकले, पण बोलणं काही झालं नाही.

"प्रार्थना करून सांगतो," केदारी पाळकसाहेबांना म्हणाला.

आणि आठवड्यानं त्यानं सांगितलं, "शांती न्हाय."

आता ह्यावर कोण काय बोलणार? पोरगा आवडला नाही म्हणाला असता तर मंडळीतल्या चार बायांनी त्याला घोळात घेतलं असतं. पण शांती न्हाय म्हटल्यावर तोंडच बंद. पाळकसाहेब डोकं खाजवत राहिले, कारण दारूगोळा त्यांनीच पुरवलेला. ते एवढंच म्हणाले, "घाई नको. ईस्टरपर्यंत वाट बघू म्हणालेत निपाणीवाले. तोवर पुन्हा प्रार्थना करा."

प्रियदर्शनी रडली नाही की भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. रात्रीची भाकरी वाढताना ती म्हणाली, "आप्पा, तुमच्या होकाराशिवाय मी लग्न करणार न्हाय. पण दुसऱ्या कुणाशी बी करणार न्हाय. मग मी हायच तुमच्याजवळ."

'मग मी हायच तुमच्याजवळ' ऐकून केदारीला आत कुठंतरी बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणूनच घास नरड्यात अडकला. त्यानं पाणी पिऊन स्वतःला समजावलं की ही भाकरी जरा कोरडी झाली आहे.

तो शांत होता, असं तो सगळ्यांना सांगत होता. खरं सांगायचं तर ती शांतता वीज गेल्यावरची होती. शहापुरातल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही. माग चालू असताना त्याच्या खटखटाटात तान्ही पोरं गाढ झोपतात. वीज जाऊन माग थांबला की तीच पोरं दचकून उठून रडायला लागतात. केदारीच्या घरात तसं झालं होतं. बापलेकीची रोजची थट्टा बंद, प्रियदर्शनीचं स्वयंपाक करताना गाणी म्हणणं बंद. सगळं कसं शांत, आणि केदारी रोज पहाटेच टक्क जागा.

ईस्टर झाला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दरवर्षीप्रमाणं बेळगावची मंडळी आणि निपाणीची मंडळी हिंडलग्याच्या पुढं एका मोकळ्या शेतात सहलीला जमली. आंब्याखाली सतरंज्या पडल्या, पुलावाच्या पातेल्याखाली चूल पेटली, आणि नेहमीप्रमाणं बेळगाव विरुद्ध निपाणी मॅच ठरली. बाया, पोरी, पोरं, सगळी मिळून खेळायचं. टेम्पोतून मंथन उतरला. उंच, चष्मेवाला, जरा पोक काढून चालणारा. त्यानं केदारीला वाकून नमस्कार केला आणि सरळ होताना चष्मा पाडला. त्याच्या मागून नागोजी उतरला. पार टक्कल पडलेलं. केदारीनं पांढरी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली आणि स्टंप किती खोल गेलेत ते तपासायला गेला.

निपाणीची बॅटिंग आधी झाली. मग बेळगावची सुरू झाली आणि केदारी अंपायर म्हणून उभा राहिला. बॅटिंगवाल्यांचा अंपायर, रीतीप्रमाणं. आणि रीतीप्रमाणंच त्यानं रुक्माआक्काचा नातू धडधडीत आऊट असताना नॉट आऊट दिला. निपाणीच्या बाया ओरडल्या, पण मनापासून नाही, कारण मघाशी त्यांच्याही अंपायरनं तेच केलं होतं.

शेवटची ओव्हर आली. बेळगावला शेवटच्या बॉलवर दोन रना हव्या होत्या. दोन झाल्या तर मॅच बरोबरीत, एकच झाली तर गेली. शेवटची जोडी आत. समोर बॅटिंगला प्रियदर्शनी, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. बॉलिंगला मंथन. हे कुणी मुद्दाम जुळवलं होतं की काय, देव जाणे आणि पाळकसाहेब जाणोत. पाळकसाहेब मघापासून पुलावाकडं पाठ करून इकडंच बघत होते.

मंथननं बॉल टाकला. इतका हळू, की रुक्माआक्का आंब्याखालून ओरडली, "अगं, ह्यो बॉल टाकतोय का पत्रिका देतोय?" प्रियदर्शनीनं तो दणकून नागोजीच्या दिशेनं मारला आणि पळत सुटली. पहिली रन पुरी झाली. दुसरीला ती वळली. नागोजीनं ह्या वयात वाकून बॉल उचलला, फेकला, आणि तो सरळ तिच्या टोकाला धावून आलेल्या मंथनच्या हातात. मंथननं स्टंप उडवला. प्रियदर्शनीची बॅट चुन्याच्या रेघेपासून वीतभर मागं होती.

केदारीही पाठोपाठ धावत येऊन त्याच रेघेच्या शेजारी उभा होता. त्यानं बघितलं.

मंथननंही बघितलं होतं, पण त्याच्या तोंडून आवाज फुटेना. होणाऱ्या सासऱ्यापुढं त्याच्याच मुलीच्या आऊटचं अपील करायचं म्हणजे काय खायचं काम आहे? निपाणीची पोरं मात्र ओरडली, "हाऊज दॅट!" रुक्माआक्कानं काहीही न बघता आंब्याखालून निकाल देऊन टाकला, "नॉट आऊट!" आणि नागोजी? तो लांबून दोन्ही हात हलवत म्हणत होता, "राहू द्या रं, राहू द्या. नॉट आऊटच असंल." त्यानं एकदा बोट वर करून एक मित्र घालवला होता. आता एक सून घालवायची त्याची तयारी नव्हती.

"ओरडून काय उपेग!" निपाणीची एक बाई शेजारणीला म्हणाली. "अंपायर बॅटिंगवाल्यांचा. आपल्या पोरीला देतोय व्हय आऊट?"

हे केदारीच्या कानात शिरलं आणि तो जागच्या जागी थिजला.

बॅटिंगवाल्यांचा अंपायर! अरे देवा. मटणाला हो म्हणणारा, कपाटाला न्हाय म्हणणारा. नागोजीच्या पोराला न्हाय म्हणणारा. ज्याला इतके दिवस तो प्रभूची शांती, प्रभूची शांती म्हणत होता, तो मनातला अंपायर एकदा तरी त्याच्याविरुद्ध बोट वर करून उभा राहिला होता का? एकदाही नाही! तो प्रभूकडून आलेला नव्हताच. तो केदारीच्याच टीमचा गडी होता, टोपी घालून उभा राहिलेला.

आणि नागोजीचं निमित्त तरी कशाला? ते सुद्धा अर्धंच खरं होतं. प्रियदर्शनी निपाणीला गेली की संध्याकाळी दार उघडल्यावर घरात कुणी असणार नव्हतं. ह्या एका भीतीला त्यानं शांतीचा झगा घालून सगळ्या मंडळीत मिरवलं होतं. लाजेनं त्याचे कान तापले.

"आप्पा!" प्रियदर्शनी धापा टाकत म्हणाली. "सांगा की त्यांना. मी पोचलते!"

केदारीनं डोळे मिटले. 'नॉट आऊट' म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग त्यानं मनातल्या मनात एवढंच म्हटलं, 'प्रभू, आता तू उभा राहा. माझा गडी मी बाहेर काढतो.' आणि हात वर उचलला.  बोट सरळ होतं.

बेळगावच्या टीमनं जो काय गिल्ला केला म्हणता! "फितूर, फितूर!" अशा आरोळ्या उठल्या. रुक्माआक्कानं सतरंजीवरून चप्पल उचलली. प्रियदर्शनी बॅट आपटून म्हणाली, "आप्पा, तुम्ही? तुम्ही मला आऊट देताय?" एका रनेनं मॅच गेली. आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या मधोमध उभ्या असलेल्या केदारीच्या आत असं काही निवांत झालं, की त्याला आपल्या मागाच्या खटखटाटात झोपलेली लहानपणीची प्रियदर्शनी आठवली. ना रुखरुख, ना सबब शोधणं. मॅच हरलेली, पोरगी चिडलेली, बहीण चप्पल घेऊन निघालेली, आणि हा माणूस शांत.

तो टोपी काढून तडक नागोजीकडं गेला. 

"नागोजी," तो म्हणाला, "अनगोळात त्या दिवशी मी आऊट हुतो."

"मला म्हाईत हाय की," नागोजी म्हणाला. "मीच दिलतो."

"मला बी म्हाईत हुतं. तवाच."

नागोजीनं डोक्यावरचं टक्कल चोळलं. मग म्हणाला, "मग एवढी वर्षं मला एकट्याला कशाला आऊट करून ठिवलास रं?" आणि त्याचा आवाज फुटला. केदारीनं त्याला मिठी मारली. दोघं म्हातारे भर उन्हात शेताच्या मधोमध रडायला लागले, आणि निपाणीच्या पोरांना वाटलं, मॅच हरल्याचं बेळगावच्या अंपायरला लईच मनाला लागलंय.

पुलावाची पंगत बसायला लागली. प्रियदर्शनी लांब बांधावर जाऊन बसली होती. केदारी तिच्याजवळ जाऊन बसला, गुडघे धरून, हळूहळू.

"मी पोचलते," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली.

"वीतभर मागं हुतीस, बाय."

 केदारीनं मातीचं एक ढेकूळ उचललं आणि बोटांनी फोडत बसला.

"प्रियू, मी तुला खोटं सांगितलंय. शांती न्हाय, शांती न्हाय म्हणत हुतो, ती शांती नव्हतीच. मला भ्या वाटत हुतं. तू गेलीस की घरात मी एकटा. त्या भ्यालाच मी देवाचं नाव दिलंतो."

आता तिनं मान वळवली. बापाच्या गालावर माती लागली होती. तिनं ओढणीनं ती पुसली.

"आणि आता? आता वाटत न्हाय भ्या?"

"वाटतंय की. लई वाटतंय. पण आत शांत बी हाय. दोन्ही एकाच घरात नांदायलेत बघ."

ती एकदम हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिकडं सतरंजीच्या टोकाला मंथन पत्रावळ हातात घेऊन इकडंच बघत होता आणि त्याच्या पत्रावळीतला पुलाव बाजूच्या माणसाच्या मांडीवर सांडत होता.

"मग आप्पा," तिनं हळूच विचारलं, "नागोजीकाकांना काय सांगायचं?"

 केदारी उठून उभा राहिला. त्यानं डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू दिलं, सगळ्या पंगतीकडं तोंड केलं, आणि दोन्ही हात सरळ डोक्याच्या वर नेले. सिक्सर!

"आता गं बाई," रुक्माआक्का पुलावाचा घास तसाच हातात धरून म्हणाली, "मॅच संपली की! ह्यो कुणाला सिक्सर देतोय?"

पण नागोजीला कळलं होतं. तो पंगतीतून उठला आणि त्यानंही दोन्ही हात वर केले.